कोहळ्याचा पहिला काप

माझ्याकडे लोक पानं घेऊन येतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, जेवणाच्या डब्यात कोंबलेली, कधी मोटारसायकलच्या डिक्कीत उकडून लगदा झालेली. टरबुजाची, खरबुजाची, लवकीची, कारल्याची, कोहळ्याची. भंडाऱ्याजवळच्या एका संशोधन केंद्रात माझी खोली आहे आणि वेलांवर पडणारे विषाणू ओळखणं हे माझं काम. पान टेबलावर आलं की मी आणणाऱ्याकडे आधी बघतच नाही. पान उलटं करते, शिरा बघते, खिडकीच्या उजेडात धरते, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं. यंत्र नंतर तेच सांगतं, फक्त उशिरा आणि वीज खाऊन. मी गर्विष्ठ आहे असं केंद्रात माझ्या पाठीमागे बोलतात. तोंडावर बोलले असते तर मी हो म्हटलं असतं.

राग मात्र मला एकाच वाक्याचा येतो. "मॅडम, औषध सांगा." विषाणूला औषध नसतं. तो किडा नाही, बुरशी नाही. झाडाच्या पेशीत शिरून बसतो, त्याला मारायला जावं तर झाडच मरतं. त्याला ओळखायचं, तो कशावर बसून आला ते शोधायचं आणि ती वाट बंद करायची, एवढंच आपल्या हातात. कुणी माव्यावर बसून येतो, कुणी पांढऱ्या माशीवर, कुणी फुलकिड्यांवर. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सुरुवातीलाच माझा आवाज चढलेला असतो. तरी ऐकून घेतल्यावर माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "हो मॅडम. पण फवारू काय?"

माझी मोठी बहीण सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना आत वळलं की लागतं त्या गावात राहते. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, मीही तिला बाईच म्हणते. गाव धानाचं, तलावाच्या पाण्यावरचं. घरामागच्या सांदवाडीत खताच्या खड्ड्याच्या काठानं बाईचे कोहळ्याचे वेल असतात. शहरातले ज्याला लाल भोपळा म्हणतात तेच हे, पण बाईच्या कोहळ्याला भोपळा म्हटलं तर ती तुम्हाला चहा देणार नाही. पसरट, खोल फाका पडलेलं, राखाडी हिरवं, आणि पिकलं की अंगावर पावडर लावल्यासारखी पांढुरकी झाक. आतून केशरी. भाजीत त्याची फोड विरघळत नाही, फोडच राहते, म्हणून आजूबाजूच्या गावांत लग्नाची पंगत असली की हेच कोहळं लागतं. हे बी तिच्या सासूनं तिच्या ओटीत घातलं होतं. त्यानंतर बाईनं ते इतक्या घरांत दिलं की आता गावात कुणाच्याही आढ्यावर वेल चढलेला दिसला तर तो बाईच्या घरचा समजावा. बचत गटाच्या बायका दरवर्षी तिच्याकडूनच बी नेतात आणि रोपं करून आपापल्या तुकड्यात लावतात. बाईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाही, एक मुलगी, ती सासरी. पण "कोहळेवाली बाई" म्हटलं की सिहोऱ्याच्या बाजारातही लोक घर सांगतात. या गोष्टीचा तिला माझ्यापेक्षा जास्त गर्व आहे, आणि गर्वात मला मागं टाकणारी माणसं फार नाहीत.

आमच्या भागात कोहळ्याची एक रीत आहे. कोहळं म्हणजे घरचा थोरला पोरगा. त्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावायची नाही. पुरुषानं एक काप द्यायचा, दोन भाग करायचे, मग बाई पुढचं चिरायला मोकळी. ज्या घरात पुरुष नाही तिथं दुसऱ्या घरचा येतो. बाईच्या गावात तर हे काम एकाच माणसाचं. तिचे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले चुलत भाऊ. गावातले सगळ्यांत वडीलधारे, अंगानं बारीक, आवाजानं मऊ. त्यांच्याजवळ लोहाराकडून घडवून घेतलेला एक लांब सुरा आहे. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, रात्री दंडारीचा खेळ नाहीतर नाटक असतं, घरोघरी पाहुणे उतरलेले असतात आणि प्रत्येक चुलीवर कोहळ्याची भाजी. त्या सकाळी भासरे सुरा घेऊन गल्लीनं निघतात. घराघरांत एक कोहळं, एक काप, हळदकुंकू, पुढचं घर. बाई त्या दिवशी आपलं सगळ्यांत चांगलं कोहळं कापून घेते आणि त्याचंच बी धुऊन, राखेत घोळून ठेवते. भासऱ्यांसमोर ती डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी सरळ बोलत नाही. कुणी तिसरं असेल त्याला सांगते. "सांग वं त्यायले, चहा ठेवला हाय." ते तिच्यापासून दोन हातांवर बसलेले असतात, त्यांना ते पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असतं, तरी तिसऱ्यानं सांगेपर्यंत थांबतात.

गेल्या उन्हाळी हंगामात, रोपं शेतात लागून वेल धरायला लागले होते तेव्हा बाईचा फोन आला.

"कोहळे बिघडले वं. पाह्याले ये."

"फोटो पाठव," मी म्हटलं.

"फोटो कायले? तू डॉक्टर हाय ना त्यायची? डॉक्टर का पेशंटले फोटोत पाह्यते?"

मी वेलांची डॉक्टर, हे माझंच बोलणं माझ्यावर उलटवलेलं मला खपत नाही, पण गेले. घरात शिरताना ओट्यावर कागदाच्या, प्लास्टिकच्या बारक्या पुड्या पडलेल्या दिसल्या. बी होतं त्यांत. ज्यांनी बाईकडून बी नेऊन अजून पेरलं नव्हतं त्यांनी ते आणून टाकलं होतं. हातात दिलं नव्हतं, ओट्यावर ठेवून गेल्या होत्या. बाईनं त्या उचलल्याही नव्हत्या. ती आत तांदूळ निवडत बसली होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या बीयाले नावं ठेवून राहिल्या. माह्या बीयाले."

तिची शेजारीण, गटाची अध्यक्ष, मला शेतात घेऊन गेली. चांगली बाई आहे, पण तिचाही चेहरा उतरला होता. सगळ्या गटाची लागवड एकाच बांधाला लागून होती आणि निम्म्याहून जास्त वेलांवर पानं डागाळलेली. फिकट आणि गडद हिरवे ठिपके, गडद भागावर फोडांसारखे उंचवटे, शेंडे आखडलेले. कृषी केंद्राच्या दुकानदारानं मोबाईलवर फोटो बघून पांढरी माशी सांगितली होती आणि एकामागून एक औषधं विकली होती. पानं अशी डागाळली की गावात त्याला केवडा म्हणतात. शेजारीण म्हणाली, "फवारून फवारून पंप फुटाले आला, पन केवडा काई हटून नाही राहिला."

मी खाली बसले. पानामागं माशी जवळजवळ नव्हतीच. मग उभी राहिले आणि वरून शेताकडे बघितलं. पांढरी माशी रोग आणते तेव्हा तो वाऱ्याच्या बाजूनं, कडेकडेनं, इथं एक तिथं एक असा सुरू होतो. इथं तसं नव्हतं. इथं रोग ओळीनं चालला होता. एका ओळीत सलग आजारी वेल, शेजारच्या ओळीत सलग बरे, पुन्हा एक ओळ आजारी. किडा अशी ओळ धरून चालत नाही. ओळ धरून माणूस चालतो.

"ही ओळ कोणी लावली?" मी विचारलं.

तिनं एका बाईचं नाव सांगितलं. पलीकडची बरी ओळ दुसरीनं लावली होती. रोप ट्रेमधून उपटताना, मातीत दाबताना नखाचा ओरखडा पडतो, आणि आजारी रोपाचा रस लागलेली बोटं पुढच्या रोपाला तीच भेट देत जातात. म्हणजे हा स्पर्शानं पसरणारा विषाणू. वेलवर्गीय पिकांत असा एक आहे, आणि तो मला पुरता माहीत आहे. त्याला किडा लागत नाही. हात पुरतो, कात्री पुरते, बैलाची घासलेली पाठसुद्धा पुरते. वाळलेल्या रसात तो महिनोन्महिने तग धरून राहतो. आणि तो बियावर बसून येतो. हे शेवटचं मी शेजारणीला सांगितलं नाही. पानं पिशवीत भरली, ओट्यावरच्या पुड्यांतलं थोडं बी घेतलं आणि निघाले.

केंद्रात आल्यावर आधी पट्टी लावली. गरोदरपणाच्या तपासणीची असते तशीच असते ही. पानाचा रस काढायचा, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. पानांना लगेच दोन आल्या. मला हायसं वाटलं, कारण माझं बरोबर निघालं होतं, आणि बरोबर निघणं मला कुठल्याही परिस्थितीत आवडतं. मग बी वाटून त्याचा रस घेतला. त्यालाही दोन. मी दुसरी पट्टी घेतली, मग मोठी तपासणी केली, त्यात प्लेटमधली बारकी घरं पिवळी पडली की विषाणू आहे असं समजायचं. घरं पिवळी पडली. तोच रस चाकवताच्या जातीतल्या एका झाडाच्या पानावर चोळून ठेवला. ते झाड आमच्याकडे याच कामासाठी वाढवतात, विषाणू असला की त्याच्या पानावर ठिपके उठतात. ठिपकेही उठले. बाईचं बी रोगट होतं. गाव म्हणत होतं ते खरं होतं.

हे सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगणं मला भेकडपणाचं वाटलं.

बाईनं ऐकून घेतलं. "तुही मशीन चुकली असन," ती म्हणाली.

"तीन तऱ्हेनं बघितलं, बाई."

"मंग तीनही चुकल्या. माह्या वेलायले पाह्यलं तं होतं तू. दिवाळीले आली तवा. पान असं होतं का एक तरी?"

नव्हतं. ते मला आठवत होतं. दिवाळीत तिच्या सांदवाडीतले वेल कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईसारखे दिसत होते, एक डाग नाही. पण मी तिच्यासमोर तसं कबूल केलं नाही, कारण तेवढ्यात ती म्हणाली, "बहीन हाय म्हनून खोटं बोलाव असं नाही म्हनत मी. पन खरं तं नीट पाह्य!" मी माझं काम नीट बघत नाही असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी तडकले. ती तडकली. मी न जेवता निघाले. बसमध्ये भुकेनं आणि रागानं डोकं ठणकत होतं. तिची आठवण आली की डोळे भरून यायचे, मग पुन्हा रागच यायचा.

केंद्रातल्या साहेबांनी सरळ सांगितलं, सगळं बी गोळा करून जाळा, गटाला बाजारातलं प्रमाणित बी घ्यायला सांगा. नियमानं त्यांचं बरोबर होतं. म्हणजे बाईच्या सासूनं ओटीत घातलेलं कोहळं संपलं. त्या पंगतीतली न विरघळणारी फोड संपली. आणि गावात बाईचं नाव पुढं कशासाठी निघालं असतं? गावभर रोग वाटणारी म्हणून. मी म्हटलं, साहेब, मला थोडा वेळ द्या. ते म्हणाले, कशाला? मी म्हटलं, हा विषाणू तिच्या बियाला आला कुठून ते मला कळलेलं नाही, आणि जे मला कळलेलं नाही ते मी जाळत नाही. त्यांना हे उद्धट वाटलं असणार. वाटू दे.

मी उरलेलं बी घेतलं आणि एकेका दाण्याचं टरफल सोलून वेगळं केलं. किचकट काम आहे, पण असल्या कामाला माझी बोटं चांगली आहेत. टरफलं वेगळी वाटली, आतला गर वेगळा. टरफलांच्या पट्टीवर दोन रेघा ठसठशीत. गराच्या पट्टीवर एकच. बी आतून निर्मळ होतं, वरून उष्टं. आता हा विषाणू आजारी वेलाच्या बियातही बहुतेक टरफलावरच असतो, त्यामुळं एवढ्यावर उड्या मारण्यात अर्थ नव्हता. पण ज्या वेलाचं हे बी, तो बाईचा वेल आजारी नव्हताच, हे दाखवता आलं तर? वेल कधीच वाळून चुलीत गेला होता. वेल गेला, पण त्याची कोहळी?

पुन्हा बाईकडे गेले. बोलत नव्हती, पण ताट वाढलं. जेवता जेवता मी विचारलं, "त्या वेलाची कोहळी राहिली का काही?" तिनं हनुवटीनं माळ्याकडे दाखवलं. तिथं गवताच्या चुंबळींवर कोहळी रांगेत बसली होती, एकालाही सुरी लागलेली नव्हती.

"एक दे."

"कापाचं तं भासऱ्यायले बोलवाव लागन."

"अख्खंच दे. मी नेते."

मी तिथं नेऊन काय करणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. माझ्या टेबलावर कापलेल्या कोहळ्यांचा हिशेब ठेवला असता तर थोरल्या पोरांची मोठी फौज झाली असती. पण गावात मी कधी कोहळ्याला सुरी लावली नव्हती आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. आमच्यात ते तसंच चाललं होतं. तिनं एक कोहळं पोत्यात घातलं, वरून सुतळी बांधली आणि म्हणाली, "हे घरचं नाव हाय. जपून ने."

मी पातं ज्योतीवर धरून तापवलं, निववलं आणि ते कोहळं कापलं. गर, शिरा, बी, टरफल, सगळं तपासलं. एक रेघ. एकच रेघ. सगळीकडे. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि खिडकीला म्हटलं, "बाई, तुझं बरोबर होतं गं." मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

तर वेल निरोगी. कोहळं निरोगी. रोग फक्त त्या बियावर होता जे मंडईच्या सकाळी कापलेल्या कोहळ्यातून निघालं. कोहळं आतून बंद असतं. जोवर कुणी कापत नाही तोवर त्याच्या बियाला जग लागत नाही. मग त्या सकाळी त्या बियाला लागलं काय? हे विचारल्याबरोबर मला ती सकाळ दिसली. भासरे गल्लीनं जात आहेत, प्रत्येक घरी एक काप. सुरा धोतराला पुसून पुढच्या घरी. आणि बाईचं घर गल्लीच्या अगदी तोंडाशी असून ते तिथं थांबत नाहीत. सणाच्या सकाळी आधी भरल्या घरांत जायचं, नवरा नसलेलीच्या घरी सगळ्यांत शेवटी. पुढं जाऊन, शेवटापर्यंत पोहोचून, मग मागं वळून येतात. बाई त्याचं कौतुकच सांगायची. शेवटी येतात म्हणून निवांत बसून चहा पितात, म्हणायची. गल्लीतल्या कुणाच्या तरी वेलावर बाजारच्या बियातून हा आधीच आलेला असणार. दुसरी घरं आपलं कोहळं शिजवून मोकळी झाली, कुणाच्या आजारी कोहळ्याचा रस कुणाच्या पोटात गेला, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. माणसाला हा विषाणू काही करत नाही. पण बी ठेवणारं घर एकच, आणि त्या घरी सुरा अख्ख्या गल्लीचा रस पिऊन पोचायचा.

मला राग आला. विषाणूचा नाही, त्याला बिचाऱ्याला काय कळतं.

भासऱ्यांकडे गेले तेव्हा ते अंगणात दोरी वळत बसले होते. मी म्हटलं, "दादाजी, तुमचा सुरा बघायचा आहे." त्यांनी आतून आणून दिला, दोन्ही हातांवर ठेवून. पातं लखलखीत होतं. पण पातं मुठीत जिथं शिरतं तिथल्या खाचेत काळपट तपकिरी गाळ साचलेला. मी ओल्या कापसानं तो पुसला आणि तिथंच पट्टी बुडवली. शेजारीण सोबत होती, तीही वाकून बघत होती. पहिली रेघ आली. मग हळूहळू, फिकट, पण अगदी स्पष्ट, दुसरी.

ते काही विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं. नेहमीचा आवाज चढवून नाही. कसा कोण जाणे, मऊच निघाला. त्यांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली.

"म्हंजे म्याच गावभर नेला?"

"तुम्ही नाही. सुऱ्यानं नेला. तुम्हाला काय माहीत असणार?"

"अन् शेवटी तिच्या घरी." त्यांनी सुरा दोरीपलीकडे सरकवला. मग म्हणाले, "नवा सुरा करतो. तुमच्या औषधात बुडवून कापीन. मंग तं चालन?"

चालण्यासारखं होतं. शास्त्र म्हणून मला हेच सांगणं भाग होतं आणि मी सांगितलं. हत्यार स्वच्छ असलं की कापणारा पुरुष आहे की बाई, विषाणूला फरक पडत नाही.

बायकांना बाईच्या अंगणात बोलावलं. मी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि बाजूला एका घमेल्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरचं पाणी कालवलं. या विषाणूवर दुधाचं पाणी लागू पडतं, हात त्यात बुडवून काम केलं की पसरत नाही. एका म्हातारीला ती पूजा वाटली, तिनं घमेल्याला हात लावून डोक्याला लावला. माळ्यावरची सगळी कोहळी खाली मांडली होती. मी सगळं समजावून सांगितलं, टरफल, गर, सुऱ्याची मूठ, पट्टीच्या दोन रेघा. शेजारीण खाली मान घालून म्हणाली, "म्हंजे बाईचं बी चांगलंच होतं." मी म्हटलं, "चांगलंच होतं. या कोहळ्यांतलं बी काढा, तेच लावा, हे जाळायची गरज नाही. जाळायचं ते फक्त आधीच्या पुड्यांतलं." मग भासरे उठले. त्यांच्या हातात नवा कोरा सुरा होता, त्यांनी तो उकळत्या पाण्यात धरला. बायका सरकून बसल्या. सगळं ठरल्यासारखं पार पडणार होतं आणि मीसुद्धा समाधानानं हात बांधून उभी होते.

बाई आत गेली आणि आपली पावशी घेऊन आली. लाकडी पाटाला पातं बसवलेली, तिची रोजची, भाजी चिरायची. ती तिनं घासून आणली होती. तिनं उकळतं पाणी पात्यावर ओतलं, हात घमेल्यात बुडवले आणि पावशीवर बसून पहिलं कोहळं जवळ ओढलं.

"अवं काय करून राहिली?" शेजारीण ओरडली. "बाईच्या हातानं पयला काप? थोरला पोरगा होय तो घरचा."

बाईचा पदर डोक्यावरच होता. तिनं मान वर केली, आणि तिसऱ्या कुणाला न सांगता, सरळ भासऱ्यांकडे बघून बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"थोरला पोरगा होय ना? मंग सांगा, पोराची नाळ कोन कापते? बाईच कापते ना?"

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी पुढं सरसावले, भांडायच्या तयारीत, ती तर माझी कायमची तयारी. पण भासऱ्यांनी सुरा खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "ते कोहळं भारी हाय. घसरन. म्या धरतो." आणि हात पुढं केले.

"आधी हात दुधात बुडवा!" मी खेकसले.

त्यांनी निमूट बुडवले. मग दोन्ही हातांनी कोहळ्याचं बूड धरलं आणि बाईनं ते पात्यावर दाबलं. कर्र असा आवाज झाला, कोहळं उघडलं, केशरी, आणि वास अंगणभर पसरला. मी माझ्या आयुष्यात इतकी कोहळी कापलेली पाहिली आहेत, स्वतः कापली आहेत, पण एका कापाकडे बघून माझा ऊर असा कधी भरून आला नव्हता. ही माझी बहीण आहे, असं मला त्या प्रत्येक बाईला खांद्याला धरून सांगावंसं वाटत होतं. त्यांना ते माहीत होतं, तरी.

बियाचा नमुना मी केंद्रात नेला. सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या, चाकवताच्या पानांवर ठिपका उठला नाही, तेव्हा बाईला फोन केला.

"बाई, बी निर्मळ आहे. आतून बाहेरून."

तिकडे बायकांचे आवाज येत होते. बाई म्हणाली, "थांब, स्पीकरवर टाकते." मग खरखर झाली आणि तिचा आवाज लांबून आला, "आता सांग. कोनाचं बी, अन् कसं हाय, अन् कापलं कोनं. समदं सांग. मोठ्यानं."

मी सांगितलं. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीतून साहेब बाहेर आले.